जुनं हिप-हॉप पहिल्यांदा ऐकताय? या क्रमाने ऐका

हिंदी-मराठी रॅप ऐकणाऱ्यांना कधी ना कधी प्रश्न पडतोच, की हे सगळं सुरू कुठून झालं आणि ते मूळचं ऐकायचं तर कसं? मग ॲपवर 'ओल्ड स्कूल' असं टाकलं जातं. समोर भलीमोठी यादी येते, तिच्यात १९८२ चं गाणं १९९८ च्या गाण्याला खेटून बसलेलं असतं. दहा मिनिटांत कान कंटाळतात, 'जुनं फारच साधं होतं' असा शेरा मारला जातो आणि विषय मिटतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण थोडी दिशा मिळाली असती तर तोच माणूस या संगीताच्या प्रेमात पडला असता.

घोटाळा क्रमाचा आहे. आज रॅप म्हटलं की आपण लगेच शब्दांकडे कान लावतो. जुन्या हिप-हॉपमध्ये शब्द शेवटी आले. आधी आला डीजे, मग त्याच्या तालावर नाचणारे, आणि मग माइक हातात घेतलेला एमसी. तुम्हीही त्याच क्रमाने ऐका. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी हाताशी काय असावं

- बरे हेडफोन. महागडे नकोत, पण खालचा बेस नीट ऐकू यायला हवा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस आणि किक ड्रम जवळजवळ नाहीसे होतात, आणि हे संगीत त्या दोघांवरच उभं आहे.
- गाण्यांचं एक ॲप, आणि सोबत यूट्यूब. जुन्या बारा इंची रेकॉर्ड संग्राहकांनी थेट तबकडीवरून यूट्यूबवर चढवल्या आहेत. त्यातल्या कित्येक ॲपवर मिळतच नाहीत.
- 'हूसॅम्पल्ड' ही साइट. कोणत्या गाण्यात कोणत्या गाण्याचा तुकडा आहे, तो कितव्या सेकंदाला येतो, हे तिथे कळतं.
- 'डिस्कॉग्स' ही साइट. रेकॉर्ड कोणत्या साली, कोणत्या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून) निघाली याची खातरजमा इथे करायची.
- एक वही. रकाने चार: गाणं, साल, लेबल, आणि खालचा ठेका कुठून आला.
- न्यूयॉर्कचा नकाशा. ब्रॉंक्स, हार्लेम, क्वीन्स आणि हडसन नदीपलीकडचं न्यू जर्सी एवढं ओळखता आलं की पुरे.

टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायचं यंत्र, विकत घेण्याची घाई करू नका. सुरुवातीला त्याची काहीच गरज नाही.

१. काळाची हद्द आखून घ्या

११ ऑगस्ट १९७३. पश्चिम ब्रॉंक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतली रहिवाशांची सामायिक खोली. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे जमवायला तिने पार्टी ठेवली. आमंत्रणं कार्डावर हाताने लिहिलेली, त्यावर दर टाकलेला: मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड लावायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह, जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला अठरा वर्षांचा मुलगा. ब्रॉंक्स त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखायला लागलं होतं.

हीच तारीख हिप-हॉपचा वाढदिवस मानली जाते. एका रात्रीत कुठलीच कला जन्माला येत नाही, पण खुंट रोवायला तारीख उत्तम आहे. तिथून पुढे वहीत असे टप्पे पाडा:

१९७३ ते १९७९: नुसत्या पार्ट्या. रेकॉर्ड एकही नाही.
१९७९ ते १९८३: पहिल्या रॅप रेकॉर्ड. काटेकोरपणे बोलायचं तर 'ओल्ड स्कूल' म्हणजे इथवरचाच काळ.
१९८३-८४ पासून पुढे: क्वीन्सच्या हॉलिस भागातली रन-डीएमसी ही मंडळी येतात आणि आवाजच बदलून जातो.

म्हणजे नव्वदच्या दशकातले टुपाक, बिगी, नास हे रॅपर या हिशेबात ओल्ड स्कूल ठरत नाहीत. ते थोरच आहेत, पण त्यांच्यापासून सुरुवात केलीत तर त्यांच्या आधीच्या पिढीचं काम कानाला दिसणारच नाही.

इथेच पहिला सापळा आहे. ॲपवर गाण्याखाली जे साल दिसतं ते बऱ्याचदा संकलनाचं असतं. १९८० ची रेकॉर्ड २००५ च्या संकलनात घातली की ॲप बिनदिक्कत २००५ दाखवतं. वहीत साल लिहिताना डिस्कॉग्सवर पहिली आवृत्ती शोधा आणि तिचंच लिहा.

२. रॅप बाजूला ठेवा, ब्रेक ऐका

फंक किंवा सोलच्या रेकॉर्डमध्ये एक जागा अशी येते, की गाणारा थांबतो, ब्रास थांबतं, आणि फक्त ड्रम-पर्कशन, फार तर सोबत बेस उरतो. ही जागा म्हणजे ब्रेक. असते काही सेकंदांची. हर्कच्या लक्षात आलं की नाचणारे नेमके याच जागेची वाट बघत असतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू, तोवर पहिली मागे. काही सेकंदांची जागा हवी तितकी लांबवता आली. हर्क या युक्तीला 'मेरी-गो-राउंड' म्हणायचा. पुढचं सगळं हिप-हॉप या एका युक्तीतून उगवलं आहे.

आता ऐकायचं असं. इनक्रेडिबल बोंगो बँडचं 'अपॅची' लावा, १९७३ चं. सुरुवातीलाच बोंगो आणि ड्रम दोघेच असतात. चार-चार मात्रा मोजा आणि बोटाने टेबलावर दुसरी आणि चौथी मात्रा ठोका. स्नेअर ड्रमचा ठोका तिथेच पडतो. मग गाण्याच्या मधोमध लांबलचक ब्रेक येतो, तो आला की मागे घ्या आणि पुन्हा ऐका. पुन्हा मागे घ्या. थोड्या वेळाने मान आपोआप हलायला लागेल. तिथवर आलात की पहिली परीक्षा पास. मग जेम्स ब्राउनची 'गिव्ह इट अप ऑर टर्निट अ लूज' आणि 'फंकी ड्रमर' ही दोन गाणी घ्या. 'फंकी ड्रमर'मधला ब्रेक वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचं नाव वहीत ठळक लिहून ठेवा, ते पुढे वारंवार भेटणार आहे.

ब्रॉंक्सच का, हेही थोडं वाचून घ्या. क्रॉस ब्रॉंक्स एक्सप्रेसवे या महामार्गासाठी भरवस्ती चिरली गेली, कारखान्यांतली कामं गेली, सत्तरच्या दशकात इमारतीमागून इमारती जळाल्या. हे समजून घेणं गरजेचं आहे. पण 'हलाखीतून कला जन्मली' एवढ्यावर थांबू नका. ज्यांनी हे घडवलं ती शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं होती. त्यांना नाचायचं होतं, शेजारच्या ब्लॉकपेक्षा आपली साउंड सिस्टिम भारी हवी होती, आणि त्यासाठी ती तासन्‌तास रियाज करत होती.

३. डीजेचे हात बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. गाळू नका.

हर्कच्या पार्ट्यांत एक त्रुटी होती: एका तबकडीवरून दुसरीवर जाताना ताल तुटायचा. ती भरून काढली ग्रँडमास्टर फ्लॅशने. खरं नाव जोसेफ सॅडलर, जन्म बार्बाडोसचा, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. त्याने तबकडीवर ब्रेक जिथे सुरू होतो तिथे क्रेयॉनने खूण केली. मग किती वेढे उलटे फिरवले की सुई नेमकी त्या खुणेवर येते, याचा हिशेब बसवला. प्लॅटर (टर्नटेबलची फिरती थाळी) खाली फिरत राहावा आणि वरची तबकडी हाताने अलगद धरता यावी म्हणून फेल्टच्या कापडाला स्टार्च लावून कडक चकती केली आणि ती मध्ये ठेवली. दुसरी तबकडी लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्या एकट्याच्या कानात वाजावी म्हणून मिक्सरला स्विच जोडला. आज दुकानात मिळणाऱ्या डीजेच्या प्रत्येक मिक्सरवर ही सोय असते. त्या पोराने ती घरी बसून जमवली होती.

स्क्रॅच आणला त्याच्याहून लहान असलेल्या ग्रँड विझर्ड थिओडोरने. खोलीत मोठ्याने रेकॉर्ड चालू होती, आईने येऊन आवाजावरून दटावलं, आणि ती बोलत असताना त्याने तबकडी हाताने धरून पुढेमागे हलवत ठेवली. कानात जो आवाज आला तो त्याने सोडला नाही. त्याच्यावर मेहनत घेतली आणि मगच तो पार्टीत आणला.

ऐकण्यासाठी एकच रेकॉर्ड घ्या: १९८१ ची, फ्लॅशची 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'. सात मिनिटांच्या आसपास, सगळं टर्नटेबलवर वाजवलेलं. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा, आणि एका रेकॉर्डवरून दुसरीवर उडी पडली की कागदावर रेघ मारा. 'अपॅची' आता ओळखीचं आहे, ते आलं की लगेच कळेल. शीक, क्वीन आणि ब्लॉंडी या बँडांचे तुकडेही सापडतील. ताल कुठेही लंगडत नाही, याकडे लक्ष ठेवा.

हात प्रत्यक्ष बघायचे असतील तर १९८३ च्या 'वाइल्ड स्टाइल' या चित्रपटात फ्लॅश स्वयंपाकघरात टर्नटेबल मांडून वाजवतो, तेवढा प्रसंग शोधा. मागे ओटा, पुढे दोन तबकड्या, आणि बोटं इतकी हलकी की सुई जागची हलत नाही.

४. कॅसेटचा काळ कानाखालून घाला

रेकॉर्ड निघण्याआधी पार्ट्यांचं ध्वनिमुद्रण कॅसेटवर व्हायचं. त्या कॅसेट हातोहात विकल्या जात, टॅक्सीत वाजत, एकीवरून दुसरी उतरवली जाई. आज त्यातल्या बऱ्याच यूट्यूबवर आहेत. आवाज फाटका, गर्दीचा कलकलाट, मध्येच टेप खेचली गेलेली. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो, पण स्टुडिओतल्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा खरी गंमत इथेच कळते. एमसी समोरच्या गर्दीला हाका घालतो, गर्दी उत्तर देते, डीजे तेवढ्यात ब्रेक बदलतो.

कोल्ड क्रश ब्रदर्सच्या कॅसेट आधी घ्या. मग १९८१ चा हार्लेम वर्ल्ड क्लबमधला बिझी बी विरुद्ध कूल मो डी हा सामना. बिझी बी गर्दीला खेळवण्यात पटाईत होता. कूल मो डी आला आणि त्याने बिझी बीवरच रचलेल्या ओळींचा मारा सुरू केला. लोकांना झुलवणारा एमसी मोठा की शब्द घट्ट बांधणारा, हा वाद त्या रात्री उघड्यावर आला. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू नीट ऐकल्याशिवाय कूल मो डीला विजयी ठरवू नका. बिझी बीचं काम कमी अवघड नव्हतं.

सापळा: यूट्यूबवरच्या कॅसेटखाली लिहिलेल्या तारखा डोळे झाकून मानू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या हिप-हॉप संग्रहात त्या काळच्या पार्ट्यांची पत्रकं आहेत आणि ती ऑनलाइन बघता येतात. बडी एस्क्वायर याने हाताने काढलेली पत्रकं तर नुसती न्याहाळावीत अशी आहेत. त्यांवर तारीख, जागा, कोण कोण वाजवणार आणि प्रवेशाचा दर असं सगळं असतं. शंका आली की पत्रकाशी ताडून बघा.

५. पहिल्या रेकॉर्ड या क्रमाने ऐका

'रॅपर्स डिलाइट', शुगरहिल गँग, १९७९. पूर्ण आवृत्तीच ऐका, साडेचौदा मिनिटांच्या आसपासची. ॲपवर पाच-सहा मिनिटांच्या छाटलेल्या आवृत्त्या आधी येतात, त्या नकोत. ही रेकॉर्ड ब्रॉंक्समध्ये झालेलीच नाही. न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीने ती काढली. खालचा ठेका शीकच्या 'गुड टाइम्स'चा, वादकांकडून पुन्हा वाजवून घेतलेला. आधी 'गुड टाइम्स' ऐका, बेसची ओळ गुणगुणता येईल इतकं, मग ही लावा. शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाचा बडगा उगारल्यावर त्यांची नावं गीतकार-संगीतकार म्हणून लागली.

दुसरा अन्याय मात्र तसाच राहिला. शुगरहिल गँगच्या तिघांतला बिग बँक हँक हा एंगलवूडच्या पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि ब्रॉंक्सच्या ग्रँडमास्टर कॅझचं व्यवस्थापन बघायचा. रेकॉर्डवर त्याने कॅझच्या वहीतल्या ओळी म्हटल्या. किती जशाच्या तशा, ते कानाने तपासा: हँक एका जागी आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगतो, आणि ती अक्षरं जुळवली की नाव निघतं कॅसानोव्हा. कॅझ तेव्हा कॅसानोव्हा फ्लाय या नावाने ओळखला जाई. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा. हे गाणं ऐकून आनंद घ्या, पण वहीत त्याच्यासमोर कॅझचं नाव लिहायला विसरू नका.

'द ब्रेक्स', कर्टिस ब्लो, १९८०. हार्लेमचा हा एमसी मोठ्या लेबलने करारबद्ध केलेला पहिला रॅपर. रॅपची पहिली गोल्ड सिंगल हीच.

'दॅट्स द जॉइंट', फंकी फोर प्लस वन, १९८०. 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक, आणि तिला ऐकल्याशिवाय हा काळ ऐकला असं म्हणूच नये. पाच जण एकमेकांच्या तोंडातली ओळ अर्ध्यावर उचलतात आणि कुणाचाही पाय घसरत नाही. १४ फेब्रुवारी १९८१ ला हाच संच 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर गायला.

'प्लॅनेट रॉक', आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स, १९८२. ब्रॉंक्सच्या पार्टीत जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचं संगीत शिरलं ते असं. ड्रम रोलंड टीआर-८०८ या यंत्राचे. हेडफोन इथे कामाला येतील.

'द मेसेज', १९८२. लेबलवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह, पण आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांचे. फ्लॅशचा या रेकॉर्डमध्ये हात नाही. पार्टीचा उत्साह बाजूला ठेवून वस्तीतलं जगणं सांगणारी ही रेकॉर्ड संथ आहे, आणि तिचा जोर त्या संथपणातच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिल्याच यादीत ही होती.

'सकर एमसीज', रन-डीएमसी, १९८३. ड्रम मशीन आणि दोन आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. आधीच्या सगळ्या रेकॉर्ड ऐकून मग इथे या. इतक्या वादकांची सवय झालेल्या कानाला ही शांतता अक्षरशः धक्का देते.

या टप्प्यावर दोन सापळे आहेत. एक, नावांची गल्लत. फ्लॅश, कॅझ, मेली मेल हे तिघेही 'ग्रँडमास्टर', आणि थिओडोर 'ग्रँड विझर्ड'. १९८३ च्या 'व्हाइट लाइन्स'वर 'ग्रँडमास्टर अँड मेली मेल' असं छापलं, म्हणून ती फ्लॅशची समजली जाते. तो तिच्यात नाही. दोन, नव्याने गायलेल्या आवृत्त्या. बऱ्याच जुन्या कलाकारांनी पुढे तीच गाणी पुन्हा मुद्रित केली, आणि ॲपवर ती आधी येतात. ड्रम फार स्वच्छ, आवाज वयस्क वाटला की संशय घ्या आणि यूट्यूबवर तबकडीवरून चढवलेली प्रत शोधून ताडा.

६. आता शब्द

इथवर आल्यावर शब्द वेगळेच ऐकू येतात, कारण खालचा ठेका अंगात भिनलेला असतो. कागदावर चार रकाने आखा, एकेका मात्रेला एक. एका बारची, म्हणजे चार मात्रांची, ओळ या रकान्यांत बसवा. १९७९-८० च्या बहुतेक ओळींत यमक चौथ्या मात्रेवर येऊन पडतं, दोन-दोन ओळींची जोडी. मग १९८० ची ट्रेचरस थ्रीची 'द न्यू रॅप लँग्वेज' घ्या. त्याच चार मात्रांत शब्द दुपटीने भरलेले दिसतील. कूल मो डी याच संचातला.

शेवटी हद्द थोडी ओलांडून १९८७ चा 'पेड इन फुल' हा एरिक बी आणि रकीमचा अल्बम लावा. रकीम सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझ ऐकायचा. त्याची यमकं ओळीच्या पोटात पडतात, कधी दुसऱ्या मात्रेच्या अलीकडे, कधी पुढच्या ओळीत सांडून. रकाने आखलेला कागद इथे अपुरा पडतो. तिथेच कळतं, की आठ वर्षांत ही कला कुठून कुठे गेली.

शब्द अडले तर 'जीनियस' साइटवर बघा, पण तिथले अर्थ वाचकांनी लिहिलेले असतात, म्हणून आधी स्वतः दोनदा ऐका. आणि एक विनंती: हे ऐकताना लगेच आपल्या शाहिरीशी, कलगी-तुऱ्याशी सांगड घालू नका. साम्य दिसेल, मोहही होईल. पण तुलना सुरू झाली की ऐकणं थांबतं.

७. तुकड्याचा माग काढा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर सॅम्पलर हे रेकॉर्डचा तुकडा साठवून वाजवणारं यंत्र आवाक्यात आलं. दोन तबकड्यांवर डीजे जे हाताने करायचे ते आता बटणावर आलं, आणि जुन्या रेकॉर्डचे तुकडे गाण्यागाण्यांत दिसू लागले. हूसॅम्पल्डवर एकेक तुकडा शोधा, पण आधी मूळ गाणं पूर्ण ऐका. नुसता तुकडा ऐकून पुढे जायची सवय लागली तर हा छंद यादी भरण्याचा उद्योग होतो.

विन्स्टन्सच्या १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मधला ड्रमर ग्रेगरी कोलमनचा काही सेकंदांचा ब्रेक अगणित गाण्यांत वापरला गेला. त्याला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरवरच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली, आणि त्यानंतर परवानगी घेतल्याशिवाय सॅम्पल वापरणं कंपन्यांना परवडेनासं झालं. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. सॅम्पल ही कलाही आहे आणि कुणाच्या तरी घामाचा हिशेबही.

आपल्याशी याचा थेट धागा आहे. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटात लता मंगेशकरांनी गायलेलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं 'थोडा रेशम लगता है' ऐका. मग ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेचं २००२ चं 'ॲडिक्टिव्ह' लावा. निर्माता डीजे क्विकने लतादीदींचा आवाज जसाच्या तसा घेऊन त्याच्याभोवती सगळं गाणं रचलं आहे. आणि त्या आवाजावर रॅप करतो कोण? आत्ताच ज्याची यमकं मोजलीत तो रकीम. परवानगी नव्हती, श्रेय नव्हतं. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायला मनाई झाली. सॅम्पलच्या हक्कांचा वाद कुणाला समजावून सांगायचा असेल तर मी नेहमी ही दोन गाणी एकामागोमाग वाजवते.

८. बातम्या वाचताना

जुन्या हिप-हॉपच्या बातम्या साधारण चार प्रकारच्या असतात: वर्धापनदिन, जुन्या गाण्यांच्या हक्कांचे व्यवहार, कोर्टकचेऱ्या आणि निधनवार्ता. प्रत्येकीला वेगळी चाळणी लावा.

वर्धापनदिन तपासायला सोपे. अमेरिकी सिनेटने २०२१ मध्ये ठराव करून ११ ऑगस्ट हा हिप-हॉपचा दिवस आणि नोव्हेंबर हा हिप-हॉप इतिहासाचा महिना मानला. म्हणून या दोन काळांत लेखांचा पूर येतो, त्यात घाईघाईने लिहिलेलेही पुष्कळ असतात. वेळेचाही हिशेब ठेवा: न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. तिथल्या ११ ऑगस्टच्या रात्रीचा कार्यक्रम आपल्याकडे १२ च्या सकाळी असतो.

हक्कांच्या बातम्या कंटाळवाण्या वाटतात, पण ऐकणाऱ्याच्या सर्वांत कामाच्या त्याच. डी ला सोल या रॅप संचाची सुरुवातीची गाणी सॅम्पलच्या भानगडींमुळे वर्षानुवर्षं ॲपवर नव्हती. ३ मार्च २०२३ ला ती आली, आणि त्याच्या काही आठवडे आधी त्यांच्यातला डेव्हिड जोलिकोर वारला होता. असा एखादा अल्बम उपलब्ध झाला की लगेच ऐका, तो पुन्हा काढून घेतला जाऊ शकतो.

कोर्टाच्या बातमीत तारीख पहिल्यांदा बघा. रन-डीएमसीचा डीजे जॅम मास्टर जे याचा खून २००२ मधला, आणि खटल्याचा निकाल उजाडला २०२४ मध्ये. अशा प्रकरणांत निकालानंतरही अर्ज-अपिलं चालू राहतात, त्यामुळे जुनी बातमी नवी म्हणून पुढे ढकलू नका. निधनवार्तेच्या बाबतीत तर कुटुंबीयांचं निवेदन किंवा नावाजलेल्या वृत्तसंस्थेची बातमी हाती येईपर्यंत काहीच पुढे पाठवू नका. या पिढीतले बरेच जण हयात आहेत, आणि त्यांच्या मरणाच्या अफवा त्यांनाच वाचाव्या लागतात.

'पहिला कोण' हे वाद कधी संपणार नाहीत. 'रॅपर्स डिलाइट'च्या थोडी आधी फॅटबॅक बँडची 'किंग टिम थर्ड' निघाली होती, म्हणून पहिल्या रेकॉर्डचा मान तिला देणारे आहेत. अशा वेळी त्या काळात छापलेलं शोधा. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या जुलै १९७८ मधल्या अंकात रॉबर्ट फोर्ड या पत्रकाराने हर्क आणि ब्रॉंक्समधल्या ब्रेकच्या वेडाबद्दल लिहिलं होतं, तेही रॅपची एकही रेकॉर्ड निघालेली नसताना. बिलबोर्डचे जुने अंक गुगल बुक्सवर पानन्‌पान वाचता येतात. 'द सोर्स' हे मासिक फार नावाजलेलं, पण सुरू झालं १९८८ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी ते उत्तरकालीन साक्षीदार आहे, एवढं भान ठेवा.

९. तिकडे जाणं झालं तर

न्यू जर्सीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि सुट्टीत तिकडे जाणारे आई-वडीलही. एंगलवूडला सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगर हिल लेबलचा स्टुडिओ बघायला मात्र जाऊ नका, तो २००२ मध्ये आगीत गेला. ब्रॉंक्समध्ये हिप-हॉप संग्रहालयाची जागा ब्रॉंक्स पॉइंट इथे आहे. निघण्याआधी ते लोकांसाठी खुलं आहे का, हे त्यांच्या साइटवर बघून घ्या. वॉशिंग्टनला जाणार असाल तर स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात संगीताचं दालन आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, पण वेळेचा पास ऑनलाइन आधी घेऊन ठेवा. याच स्मिथसोनियनने २०२१ मध्ये हिप-हॉपच्या १२९ गाण्यांचा नऊ सीडींचा संच काढला. ग्रंथालयात मिळाला तर सोबतचं पुस्तक जरूर वाचा.

१५२० सेजविक अव्हेन्यू ही आजही राहती इमारत आहे. रस्त्यावरून बघा, फोटो काढा, पण दारातून आत शिरू नका आणि रहिवाशांना ती खोली दाखवा म्हणून गळ घालू नका. तिथून जवळच सीडर प्लेग्राउंड आहे. खोली अपुरी पडायला लागल्यावर हर्कने त्या मैदानात उघड्यावर वाजवलं. मैदान सार्वजनिक आहे, तिथे जायला कुणाची परवानगी लागत नाही. दिवसाउजेडी जा.